मानेचा नेम

हवालदार इसोबे दारातच बसला. दर खेपेला तो तिथेच बसे, बूट न काढता, पायरीवर, टोपी मांडीवर ठेवून. आपण पाहुणे नाही आणि आपण सरकारही नाही, असं मधलंच काहीतरी त्याला सुचवायचं असावं. फुसाएबाईंनी त्याच्यापुढे चहा आणि मुळ्याचं लोणचं ठेवलं होतं. आतल्या खोलीत चिहारू पाच महिन्यांच्या मिओला पाजत होती, आणि सरकत्या दाराच्या कागदापलीकडून सासू आणि हवालदार काय बोलतात ते श्वास धरून ऐकत होती.

सून दारू पिते का, नवऱ्याशी भांडते का, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कसं आहे, असे प्रश्न इसोबेने कागदावरून नजर न उचलता विचारून घेतले. बंदुकीचा परवाना पुढे चालवायचा तर ही चौकशी व्हायचीच. आधी त्याने गोठ्यात जाऊन तिच्या नवऱ्याला, तोमोकीला, विचारलं होतं, त्याआधी पलीकडच्या शेतावर. सगळीकडे उत्तर एकच मिळालं होतं. मग तो जरा चुळबुळला.

"आणि झोप वगैरे? म्हणजे, बाळंतपणानंतर मन कधीकधी... विचारावंच लागतं हो मावशी. घरात हत्यार आहे."

"झोप?" फुसाएबाई म्हणाल्या. "घोरते हो ती. भिंतीपलीकडे मला जाग येते. उद्या बंदूक नाही, घोरण्याचाच परवाना काढावा लागेल."

इसोबे खळखळून हसला आणि कागदावर खूण केली. आता फक्त डॉक्टरांचा दाखला, तो शुक्रवारपर्यंत आणून द्या, की पुन्हा काही वर्षं कटकट नाही, असं सांगून, लोणच्याची शेवटची फोड उचलून तो गेला.

चिहारू तशीच बसून राहिली. ती घोरत नव्हती. घोरण्यासाठी आधी झोपावं लागतं. मिओ जन्मल्यापासून ती रात्रीतून कितीदा उठून पोरीच्या नाकाखाली बोट धरत होती, याचा हिशेब तिने सोडून दिला होता. दूध काढायच्या यंत्राच्या घरघरीत तिला रडणं ऐकू यायचं. ती धावत घरात यायची, आणि मिओ शांत झोपलेली असायची. मग ती शांत का, या धसक्याने तिला दरदरून घाम फुटायचा. हल्ली बटाटे सोलताना सुरी हातात थरथरे. तोमोकीला एकदा सांगून पाहिलं होतं. तो प्रेमळ माणूस. त्याने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, पहिलटकरणीचं असंच असतं, पोरगी झोपली की तूही झोपत जा. हे बोलता बोलता तोच झोपला.

डॉक्टरला सांगितलं असतं तर कदाचित औषध मिळालं असतं. पण डॉक्टरने एक ओळ लिहिली की बंदूक गेली. मन ठिकाणावर आहे, असा शिक्का असल्याशिवाय या देशात कुणाच्या हाती बंदूक राहत नाही. चिहारूला ते चुकीचंही वाटत नव्हतं. उलट, परक्या कुणाबद्दल हे ऐकलं असतं तर तीच आधी म्हणाली असती, घ्या काढून.

पण बंदूक तिची होती. सेन्दाईच्या कॉलेजातून दुग्धव्यवसाय शिकून ती इथे, होक्काइदोच्या या पूर्वेकडच्या टोकाला आली, तोमोकीशी लग्न केलं, तेव्हा या घरात सगळं आधीच कुणाचं ना कुणाचं होतं. गाई तोमोकीच्या, स्वयंपाकघर सासूचं, न्हाणीघरात कुणी कुणानंतर जायचं तेसुद्धा ठरलेलं. मग हरणांनी दोन वर्षं लागोपाठ कुरणं साफ केली आणि घरात कुणीतरी बंदूक शिकावी असं ठरलं. तोमोकीला रक्त बघवत नव्हतं. शिकली ती. लोखंडी कपाटाची किल्ली तिच्याकडे, कपाट तिचं. कायद्याने त्या बंदुकीला दुसऱ्या कुणी हातही लावायचा नाही, नवऱ्यानेसुद्धा. बंदूक खांद्याला अडकवून ती दाराबाहेर पडली की मागून कुणी काही विचारत नसे. आता तेवढंच एक दार उरलं होतं.

त्याच दुपारी ती हायासाकाबरोबर शिकारीला गेली. मिओला दूध पाजून, सासूच्या हवाली करून.

हायासाका साठी उलटलेला, बडबड्या, पोटाने सुखी माणूस. गावाबाहेर त्याची हरणाच्या मांसाची शेड होती आणि शहरातली मोठी हॉटेलं त्याच्याकडून मांस नेत. त्याच्या शेडचा नियम सोपा होता. गोळी मानेत किंवा डोक्यात. छातीत गोळी बसलेलं हरीण तो घेत नसे; फऱ्याचं मांस रक्ताळतं, काळं पडतं. मानेचा नेम खरोखरच सुंदर असतो. कानाखाली वीतभर, मणक्यावर बसला की हरीण उभ्या जागी खाली येतं. त्याला आवाजसुद्धा ऐकू येत नसावा. चिहारू त्यात तरबेज होती. चार गावांत तिला 'मानेची चिहारू' म्हणत, आणि हायासाका नव्या शिकाऱ्यांना टोमणा मारी, की तुमच्यापेक्षा आमची पोरीला दूध पाजून आलेली बाई बरी.

या नेमाची दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नसे. हरणाच्या अंगात मानेइतकी चंचल जागा दुसरी नाही. पाय रोवलेले असतात, धड स्थिर असतं, आणि मान मात्र गवतात, वर, मागे, माशीवर. तळहाताएवढी ती जागा, आणि गोळी चार बोटं सरकली तर ती मणक्याला लागत नाही.

जंगलातल्या रस्त्याच्या वळणावर हरीण उभं होतं. कोवळा नर, शिंगांना अजून फाटे न फुटलेले, वाळलेल्या बांबूगवतात पोटापर्यंत बुडालेला. हायासाकाने गाडी थांबवली. चिहारू उतरली, रस्ता सोडून उतारावर गेली, गुडघा टेकला. बंदुकीवरच्या दुर्बिणीतली फुली मानेवर आली आणि तिथे ठरेना. श्वासाबरोबर नव्हे, श्वास तिने धरला होता. फुली आपली आपणच नाचत होती, सुरीसारखी. तिच्या मनात आलं, सोडून द्यावं. मागे गाडीत हायासाका बसला होता. तिने चाप ओढला.

हरीण खाली आलं नाही. ते गर्रकन वळलं, आणि त्या वळण्यात, दुर्बिणीच्या गोलात, चिहारूला त्याचा खालचा जबडा लोंबताना दिसला. मग नुसतं गवत हललं.

"चुकली?" हायासाकाने खिडकीतून विचारलं.

"चुकली," चिहारू म्हणाली.

"माकडसुद्धा झाडावरून पडतं कधीतरी. चल, तुझी दुधाची वेळ झाली."

गाडी निघाली. रक्त पाहायला खाली उतरायला हवं होतं, माग काढायला हवा होता. चुकली, असं एकदा तोंडातून गेल्यावर माग काढायला उतरणार कसं? जबडा तुटलेलं हरीण लगेच मरत नाही हे तिला ठाऊक होतं. त्याला चावता येत नाही, पाणी पितानासुद्धा ते धडपडतं. ते हिंडत राहतं आणि भुकेने सावकाश संपतं. तिच्या छातीत दूध दाटून आलं होतं आणि अंगरख्यावर दोन डाग पडले होते.

पुढचे दोन दिवस ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून कुरणाच्या टोकाकडे पाहत होती. मिओ दूध ओढायला लागली की तिला आठवे. मिओने जांभई दिली की आठवे. शुक्रवारचा दाखला भिंतीवरच्या कॅलेंडरमागे कोरा अडकवलेला होता. फुसाएबाईंनी मुळे किसता किसता विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, बरं आहे.

गुरुवारी दुपारी तोमोकी गोठ्याकडून आला. चेहरा उतरलेला. दुधाची टाकीगाडी आत येताना जाळीचं फाटक उघडं राहिलं होतं, आणि एक हरीण शेतात शिरलं होतं. हरणांना बाहेर ठेवायला साऱ्या शेताभोवती पुरुषभर उंच जाळी होती. आत आलेल्याला तीच कोंडवाडा झाली. गाडी गेल्यावर त्याने फाटक लावून घेतलं होतं, नाहीतर ते थेट हमरस्त्यावर गेलं असतं.

"तू ये," तो म्हणाला. "त्याच्याकडे बघवत नाही. तोंड... कुणा गाढवाने मारलंय कोण जाणे. सुट्टीला येतात ना शहरातले, त्यातलाच असणार. मारता येत नाही तर कशाला बंदुका धरतात हे लोक?"

चिहारू बूट घालत होती. तिने बंद बांधून सोडला आणि परत बांधला.

हरीण गाईंच्या पाण्याच्या हौदाशी उभं होतं. कोवळा नर, बिनफाट्याची शिंगं. ते हौदात तोंड घाली, मान झटके आणि पाणी परत खाली सांडे. जिभेचा एक बाजूला लोंबणारा तुकडा सुजून काळा पडला होता. माणसं दिसताच ते जाळीकडे धावलं, जाळीवर आदळलं, कडेकडेने पळत कोपऱ्यापर्यंत गेलं, परत फिरलं.

तिने हायासाकाला फोन लावला. मनात एकच होतं, त्याने यावं, त्याची बंदूक आणावी, आणि हे त्याच्या हातून व्हावं. हायासाका घाटापलीकडे मांस पोचवायला गेला होता. दिवस मावळायच्या आत काही पोचत नाही म्हणाला. आणि दिवस मावळला की चापाला बोट लावायचं नाही हा कायदा. म्हणजे हरीण सकाळपर्यंत असंच. तोमोकीच्या हाती आपली बंदूक देता येत नव्हती. देता आली असती तरी त्याने ती धरली नसती.

"जबडा फुटलाय त्याचा," ती फोनवर म्हणाली.

पलीकडे गाडीचं इंजिन ऐकू येत राहिलं.

"परवाचं?" हायासाकाने विचारलं.

"परवाचं."

हायासाकाचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊपणाच तिला नको होता. "होतं असं. मांस तर गेलंच. मानेत मार, म्हणजे सुटेल बिचारं. तुला जमतं."

तुला जमतं. तोमोकी तेच म्हणत होता, सासू हवालदाराला तेच म्हणाली होती, साऱ्या गावाने कागदावर तेच लिहून दिलं होतं. इतक्या माणसांनी हमी दिल्यावर, जमत नाही, हे म्हणायला जागाच कुठे राहिली होती?

तिने कपाट उघडलं, बंदूक काढली, वेगळ्या कुलपातली काडतुसं काढली. सूर्य टेकडीच्या माथ्याला लागत आला होता.

गोळी कुठेही झाडून चालणार नव्हतं. एका बाजूला गोठा, दुसरीकडे घर, पलीकडे हमरस्ता. फक्त मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याच्या, खड्ड्यामागे मातीचा उंच बांध होता. गोळी आरपार गेली तर ती मातीत जाईल अशी तेवढी एकच दिशा. हरीण त्या बांधासमोर येईल तेव्हाच. तोमोकीला तिने गोठ्यामागे उभं केलं. घराच्या खिडकीत सासू मिओला खांद्यावर घेऊन उभी होती.

चिहारू एका गवताच्या गठ्ठ्याआड बसली, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, कमरेएवढा. त्यावर बंदूक टेकवली. हरीण जाळीच्या कडेने आलं, बांधासमोर थबकलं. आडवं उभं राहिलं. मान वर.

फुली मानेवर गेली. सवयीनेच गेली. आणि नाचायला लागली. टेकून बसूनसुद्धा. मणका, मग हवा, मग तो फुटलेला जबडा, मग परत मणका. तिने श्वास सोडला, पुन्हा घेतला. नाच तसाच. हरणाने मान झटकली.

हा हात मानेचा राहिलेला नाही. हे तिने स्वतःला शब्दांत, पहिल्यांदाच, सांगितलं, आणि सांगितल्यावर विशेष काही कोसळलं नाही. गेल्या वर्षीचा हात वेगळा होता. आज जो हात आहे त्याला पेलेल असा नेम कुठला, एवढाच प्रश्न होता. हायासाकाच्या शेडला काय चालतं हा नव्हे, गाव काय म्हणतं हाही नव्हे.

तिने फुली खाली आणली. पुढच्या पायाच्या मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. तिथे काळीज आणि दोन्ही फुप्फुसं, जेवायच्या ताटाएवढी जागा. थरथरणाऱ्या हातालाही तिथे माफी असते. हरीण जागच्या जागी पडणार नाही, धावेल. पण वाचणार नाही, आणि फार वेळ लागणार नाही. फुली नाचत होती, पण आता ती ताटातल्या ताटात नाचत होती. पुढचा पाय धडाला झाकत होता. ती थांबली. उजेड पिवळा होत होता. हरणाने एक पाऊल टाकलं, पाय पुढे गेला, आणि तिने चाप ओढला.

हरीण उडालं. मागचे पाय झाडून ते सरळ जाळीकडे सुटलं, जाळीत अडकलं, जाळीचा खांब वाकला. मग ते बसलं, बसायचं ठरवल्यासारखं, आणि मान गवतावर ठेवली. चिहारू पुढची गोळी भरून, नळी जमिनीकडे धरून, वाट पाहत राहिली. मग जवळ गेली आणि काठीच्या टोकाने डोळ्याला शिवली. पापणी हलली नाही.

तोमोकी आला. हरणाकडे, मग तिच्याकडे पाहू लागला. "छातीत?" तो म्हणाला. "मला वाटलं तू मानेत..."

"जबडा मीच फोडला होता," चिहारू म्हणाली. "परवा. हायासाकांना चुकली म्हणून सांगितलं. ते गाढव शहरातलं नव्हतं."

तोमोकीने जाळीत अडकलेला हरणाचा पाय सोडवायला घेतला. त्याला रक्त बघवत नव्हतं तरी. बराच वेळ तो त्या एका पायाशी खटपट करत राहिला.

घरात फुसाएबाईंनी काही विचारलं नाही. बंदूक पुसून कपाटात गेली, कुलूप लागलं, मग त्यांनी मिओला तिच्या मांडीवर दिलं. पोरगी भुकेने लाल झाली होती. चिहारू पाजायला बसली आणि म्हणाली, आई, उद्या मी डॉक्टरांना सांगणार आहे. काय सांगणार, तेही तिने सांगितलं. नाकाखालचं बोट, यंत्रातलं रडणं, हात, हरणाचा जबडा. एकदा सुरू झाल्यावर ते सोपं होतं, फक्त थांबवता येत नव्हतं.

सासूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"भिंत कागदाची आहे, बाई. तू उठतेस ते मला कळतं. तू उठलीस की मीही उठून बसते."

चिहारूने वर पाहिलं. "मग त्या हवालदाराला घोरते म्हणून का सांगितलंत?"

"बंदूक गेली असती तुझी." फुसाएबाई पदरासारखा गळ्यातला पंचा ओढून घेत म्हणाल्या. "तोमोकी झाला तेव्हा मला बाहेर जायला काही नव्हतं. सबंध हिवाळा मी या खिडकीशी काढला. एकदा त्याला पाळण्यात ठेवून मी बर्फात चालत निघाले होते, तुझ्या सासऱ्यांनी रस्त्यावरून परत आणलं. ते कुणालाच ठाऊक नाही, तोमोकीलासुद्धा नाही. तू बंदूक घेऊन जातेस आणि परत येतेस तेव्हा तुझा चेहरा उघडलेला असतो. मला वाटलं, ते दार तरी राहू दे. मला काय ठाऊक, त्याच दाराने ते हरीण आत येणार आहे."

तिला मदत करायचा हा प्रकार पाहून चिहारूला रागही आला आणि रडूही आलं. दोन्हींतलं काही एक निवडायला वेळ नव्हता; मिओने दुसरी बाजू मागितली.

सकाळी दोघी मिळूनच दवाखान्यात गेल्या. तोमोकीने गाडी काढली आणि बाहेर थांबला. डॉक्टर कुमागाई म्हातारे, चांगले, घाईत. दाखल्याचा कागद त्यांनी समोर ओढला, शिक्का शाईच्या डबीवर टेकवून तयार ठेवला, आणि चष्म्यावरून न पाहता विचारलं, सगळं ठीक ना, मानेची चिहारू?

"सासूबाईंना आत बोलावू का?" चिहारूने विचारलं. "त्यांनी रात्री जे ऐकलंय ते माझ्यापेक्षा त्या नीट सांगतील."

डॉक्टरांनी मान वर केली. फुसाएबाई मिओला घेऊन आत आल्या आणि न सांगताच खुर्चीवर बसल्या. जबाब द्यायला आल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हवालदाराला मी खोटं सांगितलं. ते आधी लिहून घ्या, हिच्यावर नको यायला."

"दाखला मला देता येणार नाही मग," डॉक्टर सावकाश म्हणाले. "निदान या हिवाळ्यात नाही. बंदूक शस्त्रांच्या दुकानात ठेवायला द्यावी लागेल. कळतंय ना?"

"कळतंय," चिहारू म्हणाली. सबंध हिवाळा. खिडकी, स्वयंपाकघर, गोठा, न्हाणीघरातला तिसरा नंबर. तो हिवाळा तिला आत्ताच दिसत होता, बर्फासकट. तिने हात मांडीवर ठेवले, थरथरू दिले, झाकले नाहीत.

डॉक्टरांनी शिक्का डबीत परत ठेवला, झाकण लावलं आणि साधा कागद घेतला.

"केव्हापासून आहे हे? पहिल्यापासून सांगा."

पहिलं कुठलं ते तिला धड ठाऊक नव्हतं. म्हणून तिने जबड्यापासून सुरुवात केली.